ह. शि. जानराव खंडारे

टेंभूरदऱ्याच्या शाळेत घंटा वाजवायची, रांजण भरायचा, गुरुजींच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीखाली विटकर सारायची आणि रिसोडहून येणाऱ्या एस.टी.तून टपालाची थैली उतरवून घ्यायची, ही कामं जानराव खंडारे सोळा वर्षं करत आला होता. हुद्दा शिपाई.

खरं तर त्याला दुसऱ्या प्रकारचा शिपाई व्हायचं होतं. विशीच्या आत असताना तो अकोल्याला सैन्यभरतीला गेला, तर छाती अर्धा इंच कमी भरली. दोन महिने बकरीचं दूध पिऊन त्यानं छाती पुरी केली आणि पुन्हा गेला, तर या वेळी डॉक्टरनं तळपाय पाहिले आणि ते सपाट आहेत म्हणून परत पाठवला. त्याच साली गावच्या शाळेत जागा निघाली. नेमणुकीचा कागद आला, त्यावर 'शिपाई' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. जानरावच्या आईनं आळीभर गूळ वाटला आणि पोरगा शिपाई झाला म्हणून सांगितलं. कुठला शिपाई, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

शाळेचे मुख्याध्यापक शेषराव गुरुजी. वर्गात ते पुस्तकातलं मराठी बोलत आणि राग आला की वऱ्हाडीत उतरत, त्यामुळे पोरांना हवा कुठून वाहते ते लगेच कळे. शुद्धलेखनाचा त्यांना भारी सोस. एकदा लग्नाच्या पत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका सापडल्या, तेव्हा त्यांनी त्या लाल शाईनं दुरुस्त करून पत्रिका नवरदेवाच्या बापाला परत पाठवली होती. एवढ्या वर्षांत गुरुजींनी स्वतःची चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

बांगलादेशाची लढाई होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा गुरुजी कसल्याशा शिबिराला अकोल्याला गेले. तिथल्या एका शाळेच्या आवारात त्यांना दगड दिसला. त्यावर त्या शाळेतून शिकून फौजेत गेलेल्या मुलांची नावं कोरलेली होती. गुरुजी परत आले ते तोच विषय घेऊन. आपल्या शाळेतही असा दगड पाहिजे, आणि येत्या सव्वीस जानेवारीला त्याचं उद्घाटन झालं पाहिजे.

मग कपाटातून जुनी दाखल-खारीज रजिस्टरं निघाली. जानराव धूळ झटके आणि गुरुजी बोटानं नाव शोधत. सरपंच दौलतरावांनी त्यांचा भाचा सुचवला, पण तो अकोल्यात पोलिसात होता, म्हणून गुरुजींनी नकार दिला. मग दौलतरावांनी वहाबच्या नावाला हरकत घेतली. शेख वहाब फौजेत ट्रक चालवून आलेला, आता एस.टी. थांब्यावर सायकली दुरुस्त करायचा. डायवरनं काय लढाई केली, असं दौलतरावांचं म्हणणं. गुरुजींनी त्यांना एवढंच विचारलं की तोफेचे गोळे काय आपल्या पायांनी चालत सरहद्दीवर जातात? वहाबचं नाव राहिलं. दुसरा तांड्यावरचा प्रेमसिंग राठोड. तो अजून काश्मिराकडे नोकरीवर होता. आणि तिसरा, खरं तर पहिलाच, गोमतीबाईचा तुळशीराम. तो एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईत कामी आला. एकुलता एक होता.

यादी तीन नावांची झाली. गुरुजींनी ती टाक घेऊन वळणदार अक्षरात लिहिली. वर शाळेचं नाव, त्याखाली 'या शाळेचे देशसेवक विद्यार्थी', मग तीन नावं. कागद रिसोडला सैफुद्दीनकडे न्यायचा होता. सैफुद्दीन जात्या-पाट्यांना टाकी लावायचा, कबरींचे दगड कोरायचा. अक्षर असं काढायचा की आंधळ्यानं बोटानं वाचावं. गुरुजींची सवय अशी, की ज्याच्या हाती कागद पाठवला त्याचं नाव कागदावर पाहिजेच. म्हणून तळाशी त्यांनी लिहिलं, 'ह. शि. जानराव खंडारे'. म्हणजे हस्ते, शिपाई, जानराव खंडारे. नेहमीचीच रीत.

निघताना गुरुजींनी जानरावला तीनदा बजावलं, की काना-मात्रेचा फरक होता कामा नये, जसं लिहिलं आहे तसंच्या तसं उतरलं पाहिजे. जानरावनं हा निरोप रिसोडला जाऊन चारदा सांगितला. सैफुद्दीनला उर्दू चांगली यायची, मराठी बाळबोध अक्षर तो चित्र काढावं तसं उतरवून घ्यायचा. त्यानं चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "पूरा?"

"पुरा," जानराव म्हणाला. "एक बी अक्षर सोडू नोका चाचा. आमचे गुरुजी लय कडक हायेत."

दगड आला तो शनिवार होता. बैलगाडीत कडब्यावर निजवून, पोत्यात गुंडाळून आणलेला. शाळेपुढच्या कडुलिंबाखाली गवंड्यानं आधीच ओटा बांधून ठेवला होता. चौघांनी मिळून दगड उभा केला, बूड चुन्यात बसवलं, आणि माणसं गेल्यावर जानरावनं पोतं सोडलं.

काळाभोर दगड, आरशासारखा घासलेला. जानराव वरून वाचत आला. शाळा. देशसेवक विद्यार्थी. तुळशीराम. प्रेमसिंग. वहाब. आणि त्याखाली, त्याच आकाराच्या, त्याच खोलीच्या अक्षरात, 'ह. शि. जानराव खंडारे'.

त्याला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला भास झाला. त्यानं अक्षरांत बोट घातलं. बोट गेलं.

गुरुजी आले. त्यांनी हात मागे बांधून पहिली ओळ तपासली, दुसरी तपासली, समाधानानं मान हलवली, आणि चौथ्या नावावर येऊन थांबले. मग वऱ्हाडीत बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"हे काय होय बे, जानराव?"

जानरावनं सांगितलं, की जसं लिहिलं तसं कोरलं. गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. यादी त्यांच्याच अक्षरातली होती आणि निरोपही त्यांचाच होता. एवढा शुद्धलेखनाचा माणूस, पण या दगडावर शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ते घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे.

रविवारी सकाळी ते वाशीमला निघाले. उद्घाटनाला निवृत्त सुभेदार गुलाबसिंगांना बोलवायचं होतं आणि शिक्षण खात्यातही खेटे घालायचे होते. जाता जाता त्यांनी जानरावला सांगितलं, की नवा दगड कोरायला पंधरा दिवस लागतील आणि तेवढा वेळ नाही. तेव्हा तू थोडा चुना-सिमेंट आण, त्यात काजळी कालव आणि तुझं नाव बुजवून टाक. मी गुरुवारी परत येईन तोवर ते दिसता कामा नये.

स्वतःचं नाव स्वतः बुजवायचं. जानरावनं होकार दिला आणि घरी येऊन बायकोला, भागिरथेला, सगळं सांगितलं. ती ताबडतोब दगड पाहायला गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव तिनं रेशनकार्डावर इतक्यांदा पाहिलं होतं की तिनं ते लगेच ओळखलं. घरी परत येताना ती सरळ वाटेनं आली नाही. विहिरीवरून, गिरणीवरून, सुताराच्या अंगणातून आली. संध्याकाळपर्यंत गावात माहीत नाही असं कुणी उरलं नाही.

मग 'ह.' म्हणजे काय, यावर पारावर वाद झाला. कुणी म्हणालं हवालदार. कुणी म्हणालं हयात, म्हणजे जिवंत असलेला. एकानं हुतात्मा काढला, पण तो 'हु' असतो म्हणून त्याला गप्प बसवलं. शेवटी हवालदार ठरलं. सोमवारी जानराव चहाच्या टपरीवरून गेला तर टपरीवाल्यानं "या हवालदारसाहेब" म्हणून बाकडं पुसलं. सगळे हसले, जानरावही हसला. पण चहा पिताना तो बाकड्यावर जरा ताठ बसला होता. मंगळवारी कुणी काही म्हणायच्या आधीच तो टपरीवरून दोनदा गेला.

बुजवायचं काम त्यानं सोमवारी केलं नाही, कारण सिमेंट मिळालं नाही. सिमेंटला तेव्हा परमिट लागे, ही गोष्ट खरी होती. मंगळवारी केलं नाही, कारण काजळी कमी होती. ही गोष्ट तितकीशी खरी नव्हती. रोज शाळा सुटली की तो दगडासमोर उभा राही. नाव वाईट दिसत नव्हतं. सैफुद्दीननं 'खं'वरचं टिंब तर अगदी टपोरं काढलं होतं.

बुधवारी वहाबनंच त्याला थांब्यावर हटकलं आणि डब्यात थोडा चुना अन् ओंजळभर सिमेंट दिलं. त्याच्या घराचा ओटा चालू होता, त्यातलं उरलेलं. डबा देताना तो म्हणाला, "गुरुजी कल आयेंगे. मले काही नाई जानराव, नाव राहिलं तरी चालते. चार साल ट्रक चलाया, फिर बी लोकं इचारतेत तू कुठं लढला. तुले कमीत कमी कोनी इचारत तं नाई."

जानरावला ते लागलं. वहाबचं नाव त्या दगडावर यायला किती बोलाचाली झाली होती ते त्यानं स्वतः ऐकलं होतं, आणि आपण तिथं फुकट जाऊन बसलो होतो. तो तसाच शाळेत गेला आणि डब्यात पाणी ओतून कालवू लागला.

तेवढ्यात फाटकातून गोमतीबाई आली. काठी टेकत, डोक्यावरचा पदर सावरत. दगड आल्यापासून सगळं गाव येऊन गेलं होतं, ती मात्र आज आली. जानराव उठून उभा राहिला.

गोमतीबाईचं आणि त्याचं नातं टपालाचं. गावचं टपाल शाळेतच येई आणि ते घरोघर पोचवायचं काम जानरावचं. तुळशीरामचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यानं ते अंगणात उभं राहून वाचून दाखवलं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसानं तिच्या ओसरीवर चढायची तेव्हा रीत नव्हती. चौथ्या पत्राला ऊन फार होतं, गोमतीबाईनं घोंगडी टाकली आणि तो ओसरीवर बसला. सहाव्याला चहा आला, तो घरातल्याच कपबशीत. पुढं तिची उत्तरंही तोच लिही. तुळशीरामला कळवायला गावातली भांडणं पुरत नसत, तेव्हा तो पदरची दोन घाली.

"वाच बरं," गोमतीबाई म्हणाली.

जानरावनं तिचं बोट धरून तुळशीरामच्या नावावर ठेवलं आणि एकेक अक्षर दाखवलं. मग प्रेमसिंगचं वाचलं, वहाबचं वाचलं, आणि थांबला.

"अन् हे खालचं?"

"थे काही नाई, मावशी."

"काही नाई कसं? एवढं लंबं तं हाये."

मग त्यानं सांगितलं. 'ह.' म्हणजे काय ते सांगितलं, रिसोडला आपणच 'पुरा' म्हणालो ते सांगितलं, टपरीवरचा चहा सांगितला, मंगळवारी काजळी असूनही नव्हती म्हटलं तेही सांगितलं. खाली मान घालून सांगत होता. वर पाहिलं तर गोमतीबाईचे खांदे हलत होते. जानराव घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की बाई हसते आहे. दोन वर्षांत तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. ती ओट्यावर बसली, पदर तोंडात धरला तरी हसू आवरेना. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, की हे गुरुजींनी वाचलं तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं. जानरावनं करून दाखवलं. ती पुन्हा हसली.

हसू ओसरल्यावर त्यानं अंगठ्यानं नाव बुजवायला घेतलं. गोमतीबाई बसून पाहत होती. तिनं कर म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. काजळी घातलेला ओला चुना दगडात असा मिसळून गेला की काल इथं काही होतं हे सांगूनही पटलं नसतं. "पहिलं बारकं राह्यलं," ती म्हणाली. जानराव 'ह.' विसरला होता. तोही त्यानं बुजवला आणि दगडावर स्नेहसंमेलनाचा जांभळा पडदा टाकून बांधला.

गुरुवारी गुरुजी आले. त्यांनी पडद्याखाली डोकं घालून पाहिलं. चुना अजून ओलसर होता, दगड एकजीव दिसत होता. ते जानरावला बरं झालं म्हणाले. एवढं ते सहसा म्हणत नसत.

चुन्याला आणि सिमेंटला वाळायला दोन दिवस मिळाले.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा झाला, मुलांनी कवायत केली, दौलतरावांचं भाषण झालं. सुभेदार गुलाबसिंग उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, छातीवर पदकं. त्यांनी दोरी ओढली. पडदा घसरला.

काळ्या दगडावर काळी अक्षरं. पहिल्या रांगेतूनही त्यातलं धड काही वाचता येईना. फक्त तळाशी, वाळून पांढरंफटक झालेलं, पार फाटकापासून दिसेल असं एकच नाव होतं. 'ह. शि. जानराव खंडारे'. काजळी कुठल्या कुठे गेली होती.

सगळ्यांनी आधी दगडाकडे आणि मग गुरुजींकडे पाहिलं. भागिरथा तेवढी खूश होती. सुभेदारांनी डोळे बारीक केले, जे वाचता आलं ते खड्या आवाजात वाचलं आणि विचारलं, की हा जवान कोण, हयात आहे का? जानराव झेंड्याच्या खांबाशी दोरी धरून उभा होता. जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण जमीन नुकतीच सारवलेली होती, चांगली घट्ट होती. लोकांनी बोटं दाखवली. सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि त्याला कडक सलाम ठोकला. जानरावचा हात आपोआप वर गेला. दोरी त्याच हातात असल्यामुळे झेंडा थोडा हलला.

दौलतराव खाकरले आणि मोठ्यानं सांगू लागले, की हा तर शाळेचा चपराशी, यानं कारागिराला फितवून... पण त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. गुरुजी उठले होते. त्यांनी ध्वनिक्षेपकाची नळी स्वतःकडे वळवली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "यादी मी लिहिली. तळाशी हस्ते म्हणून शिपायाचं नाव मी घातलं, आणि जसंच्या तसं कोरा हे मीच सांगितलं. जानरावचा यात काही दोष नाही."

जानरावला स्वतःचं नाव दगडावर पाहून जेवढं आश्चर्य वाटलं नव्हतं तेवढं हे ऐकून वाटलं. मागं बसलेल्या बाकीच्या दोन मास्तरांनी तर एकमेकांकडे पाहिलं.

नाव आता फोडून काढावं लागेल, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा बायांतून गोमतीबाई उठली. ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती. ध्वनिक्षेपकाकडे ती गेली नाही, जागेवरूनच बोलली.

"माया पोराची सारी पत्रं यानं मले वाचून दाखोली. शेवटची तार बी यानंच आनली. थे वाचली अन् दिवस बुडेलोक मायाजवळ बसला. फोडू नोका साहेब. राहू द्या."

एवढं बोलून ती खाली बसली. वहाबनं मान हलवली. दौलतरावांनी काही बोलायचा विचार केला आणि सुभेदारांकडे पाहून तो सोडून दिला.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी सांगितलं, की पलटणीत खबर पोचवणारा माणूसही पलटणीचाच धरतात. त्यांची तक्रार वेगळीच होती. ज्यांचा दगड आहे त्यांची नावं दिसत नाहीत आणि ज्यानं आणला त्याचं दिसतं, हा कुठला न्याय? सगळीच पांढरी करा, आत्ताच्या आत्ता.

शाळेत पांढरं म्हणजे खडू. गुरुजींनी जानरावला पेटी आणायला पाठवलं, धोतराचा सोगा खोचला आणि दगडापुढं उकिडवे बसून तुळशीरामच्या नावात स्वतः खडू भरू लागले. जानराव शेजारी बसून एकेक कांडी पुढं करत होता. बँडवाल्यांना मध्ये काय वाजवावं ते कळेना, म्हणून त्यांनी कवायतीचीच धून पुन्हा धरली. तिन्ही नावं भरून होईपर्यंत सव्वाशे माणसं उन्हात उभी राहिली. कुणी हललं नाही.

पुढच्या आठवड्यात सैफुद्दीन स्वतः आला. त्यानं तिन्ही नावं पक्क्या चुन्यानं भरली आणि गुरुजींच्या सांगण्यावरून तिसऱ्या आणि चौथ्या नावाच्या मध्ये एक सरळ रेघ कोरली, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मग त्यानं हळूच विचारलं, की नेणाऱ्याचं नाव राहतं तर कोरणाऱ्यानं काय पाप केलं? गुरुजींनी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणवलं नाही. दगडाच्या पाठीमागं, अगदी खाली, बारीक उर्दूत त्याचं नाव आलं. ते वाचायला वहाबला जमिनीवर आडवं व्हावं लागलं.

टपरीवर काही दिवस हवालदारसाहेब चाललं, मग लोक विसरले. जानरावही पुन्हा साधा बसायला लागला.

होळीच्या सुमाराला गोमतीबाई एका सकाळी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. तुळशीरामचा वाढदिवस होता. तिनं त्याच्या नावाला बोट लावलं. मग प्रेमसिंगच्या, वहाबच्या, आणि रेघ ओलांडून चौथ्यालाही लावायला गेली. जानराव झाडू टाकून धावत आला.

"मावशी, मी जिता हावो, अन् फौजी बी नाई. मले कायले?"

गोमतीबाईनं बोट लावलंच.

"जिता हायेस तं पानी आन," ती म्हणाली. "किती धूळ बसू देली दगडावर."

जानराव बादली घेऊन विहिरीकडे गेला.